चित्रात काय आहे? : संग्रहालयातील विषयवार वर्गीकरण आणि दख्खनी चित्रे

प्रास्ताविक

संग्रहालयात एखादी कलावस्तू दाखल झाली की तिची नोंद होते. नोंदवहीत अनुक्रमांक, वस्तू कशाची बनली आहे, तिची लांबी-रुंदी, काळ, शैली आणि ती कोणाकडून मिळाली ही माहिती लिहिली जाते. ही सर्व माहिती वस्तूविषयी असते. चित्राच्या बाबतीत मात्र आणखी एक प्रश्न उरतो. त्या चित्रात काय दाखवले आहे? संशोधक, विद्यार्थी किंवा सामान्य प्रेक्षक संग्रहालयात येतो तो बहुधा हाच प्रश्न घेऊन येतो. त्याला चाँदबीबीची चित्रे हवी असतात, बाजाने शिकार करणाऱ्या स्त्रिया हव्या असतात किंवा हजरत यूसुफ (अ.स.) यांच्या कथेवरील चित्रे हवी असतात. नोंदवहीत 'दख्खनी शैली, सतरावे शतक, कागदावर जलरंग' एवढेच लिहिले असेल, तर चित्र कपाटात असूनही त्याला सापडत नाही.

या प्रश्नाचे पद्धतशीर उत्तर देण्याचा प्रयत्न पाश्चात्त्य देशांत सुमारे शंभर वर्षांपूर्वी सुरू झाला. त्यातून ज्या पद्धती तयार झाल्या त्यांचा परिचय करून देणे आणि आपल्या दख्खनमधील चित्रांना त्या कितपत लागू पडतात हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विषय ओळखण्याच्या तीन पायऱ्या

जर्मनीत जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले कलेतिहासकार एर्विन पानोफ्स्की यांनी १९३९ मध्ये चित्राच्या अर्थाचे तीन थर सांगितले. आपल्या परिचयाचे उदाहरण घेऊन ते असे समजून घेता येतील.

एका चित्रात एक माणूस किंचित झुकून उजवा हात कपाळाजवळ नेत आहे. पहिल्या पायरीवर आपण एवढेच म्हणतो की हा पुरुष आहे, उभा आहे, हात वर आहे, समोर आसनावर दुसरी व्यक्ती आहे. यासाठी नुसते डोळे पुरतात. दुसऱ्या पायरीवर आपण म्हणतो की हा आदाब आहे आणि समोरची व्यक्ती अमुक सुलतान आहे. यासाठी रीतिरिवाज, ग्रंथ आणि इतिहास माहीत असावा लागतो. तिसऱ्या पायरीवर आपण विचारतो की दरबारात हा क्षणच चित्रकाराने का निवडला, त्यातून त्या काळाची सत्तेविषयीची कोणती कल्पना दिसते. हे अर्थनिर्णयनाचे काम झाले.

संग्रहालयाच्या नोंदीत पहिल्या दोन पायऱ्या याव्यात, तिसरी संशोधकावर सोडावी, असा साधारण संकेत आहे. पहिली आणि दुसरी पायरी यांची सरमिसळ होऊ देऊ नये, हेही महत्त्वाचे. 'घोड्यावर बसलेली, हातावर बाज घेतलेली स्त्री' ही पहिल्या पायरीची नोंद आहे. 'चाँदबीबी' ही दुसऱ्या पायरीची. चाँदबीबीचा मृत्यू १६०० मध्ये झाला आणि तिची अशी अनेक चित्रे त्यानंतर शंभर-दीडशे वर्षांनी काढलेली आहेत. त्यांपैकी प्रत्येक चित्र तिचेच आहे का, हे तपासायचे असेल, तर पहिल्या पायरीची नोंद स्वतंत्र राखलेली असली पाहिजे.

पाश्चात्त्य वर्गीकरण पद्धती

विषयवार सूचीचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात झाला. चार्ल्स रूफस मोरी यांनी १९१७ मध्ये तेथे ख्रिस्ती कलेची सूची सुरू केली. मध्ययुगीन कलाकृतींतील प्रसंग व व्यक्ती यांची कार्डे करून ती अक्षरानुक्रमे लावण्यात आली. पुढे या सूचीत यहुदी आणि इस्लामी कलाकृतींचीही भर पडत गेली. जुने नाव अपुरे पडू लागल्याने २०१७ मध्ये, शंभराव्या वर्षी, तिचे नाव बदलून 'मध्ययुगीन कलेची सूची' असे करण्यात आले. सूचीचे नाव तिच्यातील वस्तूंवर बंधन घालते, हे यावरून लक्षात येते.

आज सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धती म्हणजे 'आयकॉनक्लास'. नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठाचे कलेतिहासाचे प्राध्यापक हेन्री व्हान द वाल (१९१०–१९७२) यांनी ती रचली. ग्रंथरूपाने ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९७३ ते १९८५ या काळात त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. आता ती संगणकावर सर्वांना विनामूल्य पाहता येते. तिच्यात सुमारे २८,००० विषय असून ते ० ते ९ या दहा विभागांत बसवले आहेत : ० अमूर्त कला, १ धर्म आणि जादू, २ निसर्ग, ३ मानव, ४ समाज आणि संस्कृती, ५ अमूर्त कल्पना, ६ इतिहास, ७ बायबल, ८ साहित्य, ९ ग्रीक-रोमन पुराणकथा आणि प्राचीन इतिहास.

ग्रंथालयातील दशांश पद्धतीशी ज्यांचा परिचय आहे त्यांना तिची रचना सहज समजेल. डावीकडून उजवीकडे जावे तसा विषय बारीक होत जातो. २ म्हणजे निसर्ग, २५ म्हणजे पृथ्वी, २५एफ म्हणजे प्राणी, २५एफ२ म्हणजे सस्तन प्राणी, २५एफ२३ म्हणजे हिंस्र श्वापदे आणि त्यापुढे कंसात 'सिंह' असे लिहिले की सिंहाची नोंद पूर्ण झाली. तिचे दोन फायदे आहेत. अंक कोणत्याही भाषेच्या वाचकाला सारखेच कळतात, आणि एका चित्राला हवे तितके अंक देता येतात. सिंह, तलवार आणि राजा असलेले चित्र तिन्ही ठिकाणी सापडू शकते.

कोणाला किती जागा?

ही पद्धती युरोपातील कलेसाठी तयार झाली आणि त्या कामासाठी ती उत्तम आहे. परंतु तिच्यातील जागेची वाटणी पाहण्यासारखी आहे. धर्माच्या विभागात ११ हा अंक संपूर्णपणे ख्रिस्ती धर्माला दिला आहे. शिवाय बायबलला ७ हा स्वतंत्र विभाग आहे. उरलेल्या सर्व धर्मांना, म्हणजे यहुदी, इस्लाम, हिंदू, बौद्ध आणि इतर सर्वांना मिळून १२ हा एक अंक आहे. यात कोणाचा द्वेष शोधण्याचे कारण नाही. लायडनच्या प्राध्यापकांपुढे जी चित्रे होती त्यांच्या संख्येप्रमाणे त्यांनी कप्पे केले. मात्र तेच कप्पे विजापूर किंवा अहमदनगरच्या चित्रांना लावू गेल्यास काय होते, ते दोन उदाहरणांवरून पाहू.

पहिले उदाहरण कुर्बानीचे. एक वृद्ध पुरुष, एक मुलगा, सुरी, फरिश्ता आणि मेंढा असे चित्र युरोपात आणि इराण-तुर्कस्तानातही आढळते. आयकॉनक्लासमध्ये ते बायबलच्या विभागात, अब्राहमच्या कथेत, 'आयझॅकचे बलिदान' या नावाखाली येते, कारण बायबलच्या उत्पत्ती ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात मुलाचे नाव आयझॅक, म्हणजे हजरत इसहाक (अ.स.) असे दिले आहे. कुरआन शरीफमधील सूरह अस्-साफ्फातमध्ये हा प्रसंग आला आहे, पण तेथे मुलाचे नाव नाही. तबरीसारख्या आरंभीच्या काही भाष्यकारांनी हजरत इसहाक (अ.स.) यांचे नाव घेतले. पुढे मात्र हजरत इस्माईल (अ.स.) हेच मत सर्वत्र रूढ झाले आणि आज ईद-उल-अज्हा साजरी करणारे मूलही तेच नाव सांगेल. आता एखाद्या इस्लामी हस्तलिखितातील अशा चित्राला केवळ अंक देऊन 'आयझॅकचे बलिदान' असे नाव लावले, तर चित्रकाराने आणि त्याच्या वाचकांनी जे कधी मानले नसेल ते आपण त्यांच्या तोंडी घालतो. योग्य नोंद अशी होईल : प्रसंग 'हजरत इब्राहीम (अ.स.) यांची कुर्बानी'. मुलाचे नाव ज्या ग्रंथात चित्र आहे त्या ग्रंथाप्रमाणे. आणि युरोपीय नाव पर्यायी नाव म्हणून, म्हणजे दोन्ही बाजूंच्या शोधकाला चित्र सापडेल.

दुसरे उदाहरण हजरत यूसुफ (अ.स.) आणि जुलेखा यांचे. बायबलमध्ये पोटीफरच्या पत्नीला नाव नाही. कुरआन शरीफमध्येही ती 'अजीजची पत्नी' आहे. जुलेखा हे नाव पुढच्या परंपरेतून आणि काव्यातून प्रसिद्ध झाले. हेरातचा चित्रकार बिहजाद याचे या प्रसंगाचे १४८८ मधील चित्र जगप्रसिद्ध असून ते कैरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. ते ज्या हस्तलिखितात आहे तो ग्रंथ सादीचा 'बोस्तान' होय. परंतु एकामागून एक बंद दारांचा जो महाल चित्रात दिसतो, तो सादीने वर्णिलेला नाही. तो जामीच्या 'यूसुफ व जुलेखा' या मसनवीतला आहे, जी १४८३ मध्ये, म्हणजे चित्राच्या केवळ पाच वर्षे आधी, पूर्ण झाली होती. मग हे चित्र बायबलच्या विभागात ठेवायचे, इस्लाम धर्माच्या की साहित्याच्या? आणि साहित्यात ठेवायचे तर सादीखाली की जामीखाली? उत्तर एकच आहे : चारही ठिकाणी, आणि प्रत्येक नोंदीपुढे कारण देऊन.

अहमदनगरचे हस्तलिखित

आपल्या जवळचे उदाहरण पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. अहमदनगरचा पहिला हुसेन निजामशाह (कारकीर्द १५५३–१५६५) याच्या स्तुतिपर आफताबी नावाच्या कवीने रचलेली 'तारीफ-ए-हुसेनशाही' ही फारसी मसनवी तेथे जतन केलेली आहे. १५६५ च्या तालिकोट येथील लढाईनंतर लवकरच तयार झालेले हे सचित्र हस्तलिखित दख्खनी चित्रकलेच्या आरंभीच्या नमुन्यांपैकी एक मानले जाते.

त्यातील एका चित्रात एक स्त्री झाडाजवळ उभी आहे आणि तिच्या स्पर्शाने झाडाला बहर आला आहे. संस्कृत काव्यात यालाच 'दोहद' म्हणतात. सुंदर स्त्रीच्या स्पर्शाने किंवा पदाघाताने वृक्ष फुलतो, हा कविसंकेत आहे. झाडाची फांदी धरलेली शालभंजिका प्राचीन स्तूपांवर आणि मंदिरांवर आढळते. म्हणजे काव्य फारसी, आश्रयदाता मुसलमान सुलतान आणि चित्राचा विषय भारतातील अतिशय जुना. हे पान 'मुस्लिम चित्रकला' या एकाच कप्प्यात ठेवले, तर दोहदाचा अभ्यास करणारा संस्कृतचा विद्यार्थी तेथे कधीच पोहोचणार नाही. ते 'हिंदू विषय' या कप्प्यात ठेवले, तर निजामशाहीचा अभ्यासक त्याला मुकेल. दोष चित्राचा नाही. चित्र कोणासाठी काढले आणि चित्रात काय आहे हे दोन प्रश्न एकाच रकान्यात कोंबल्याने ही अडचण उभी राहते.

याच हस्तलिखितात आणखी एक गोष्ट आहे. सुलतानाच्या शेजारी त्याची बेगम खुंजा हुमायूँ हिची आकृती काही चित्रांत होती आणि ती नंतर पुसून टाकण्यात आली. हुसेनशाहच्या मृत्यूनंतर तिने आपल्या अल्पवयीन मुलाच्या, मुर्तजाच्या नावाने राज्यकारभार पाहिला आणि १५६९ मध्ये त्याच मुलाने तिला कैदेत टाकले. तिची मुलगी म्हणजे चाँदबीबी. अशा पानाची नोंद करताना पहिल्या पायरीवर 'सुलतान, सेवक, शेजारी पुसलेली आकृती' असे लिहिले पाहिजे आणि दुसऱ्या पायरीवर 'बेगम खुंजा हुमायूँ' हे नाव आले पाहिजे. केवळ 'सुलतानाचा दरबार' अशी नोंद केली, तर कोणी एकाने रंगाने जे काम केले तेच आपण शाईने पुन्हा करतो.

विजापूरच्या १५७० मधील 'नुजूम-उल-उलूम' या ग्रंथाचेही असेच आहे. तो आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. ज्योतिष, शस्त्रे, हत्ती, घोडे यांच्या जोडीला त्यात 'रूहानी' म्हणून स्त्रीरूप शक्तींची मोठी चित्रमालिका आहे आणि तिच्यात भारतीय देवी-योगिनींच्या कल्पना मिसळल्या आहेत. ज्याला फारसी येते पण योगिनी माहीत नाहीत, किंवा योगिनी माहीत आहेत पण फारसी येत नाही, अशा एकट्या व्यक्तीकडून त्याची विषयसूची नीट होणार नाही.

नावांचा प्रश्न

दख्खनच्या कोणत्याही मोठ्या संग्रहात 'इब्राहीम' हे नाव किमान तीन व्यक्तींचे असू शकते. एक, हजरत इब्राहीम (अ.स.). दुसरे, बल्खचे राज्य सोडून फकिरी पत्करणारे सूफी संत इब्राहीम बिन अदहम, ज्यांच्याकडे फरिश्ते अन्नाची तबके घेऊन येतात असे चित्र अनेक ठिकाणी आढळते. तिसरा, संगीतावरील 'किताब-ए-नौरस' रचणारा विजापूरचा सुलतान दुसरा इब्राहीम आदिलशाह. फरिश्ते दिसतात म्हणून पहिल्या आणि दुसऱ्यात घोटाळा होतो. राजवस्त्रे दिसतात म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्यात होतो. यासाठी नावांची एक प्रमाण यादी करावी लागते आणि प्रत्येक नावाखाली ओळखीच्या खुणा व इतर भाषांतील रूपे द्यावी लागतात. अलेक्झांडर, इस्कंदर आणि सिकंदर ही एकाच व्यक्तीची नावे आहेत, हे संगणकाला आपण सांगितल्याशिवाय कळत नाही.

उलट बाजूनेही हीच गरज आहे. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातील 'व्हेल्ड रेबेका' या संगमरवरी पुतळ्यापुढे नेहमी गर्दी असते. इटालियन शिल्पकार बेंझोनी याचे हे काम पहिल्या सालारजंगांनी १८७६ मध्ये घेतले. दगडातून ओढणीचा पारदर्शकपणा कसा आणला याचे सर्वांना नवल वाटते. पण ती स्त्री कोण आणि तिने चेहरा का झाकला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. उत्पत्ती ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायात, लग्नासाठी दूरच्या प्रवासाहून आलेली रेबेका आपला नियोजित पती समोरून येताना पाहून ओढणी घेते, तो हा क्षण आहे. तो पती म्हणजे हजरत इसहाक (अ.स.). 'हजरत इब्राहीम (अ.स.) यांच्या सूनबाई' एवढे फलकावर उर्दूत लिहिले, तर त्या शहरातील किती तरी प्रेक्षकांना हा परका पुतळा ओळखीचा वाटेल.

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. पैगंबरांची चित्रे काढणे आपल्याकडे मान्य नाही, मग त्यांची सूची कशाला? नोंद करणे म्हणजे पसंती देणे नव्हे. चित्रे शेकडो वर्षांपूर्वीची आहेत. अनेक चित्रकारांनी चेहऱ्यावर नकाब दाखवला आहे किंवा मस्तकाभोवती ज्योतीचे वलय काढले आहे. त्यामागचा अदब नोंदीत आला, तर अभ्यासकालाही तो समजेल आणि प्रदर्शनात काय मांडावे, काय मांडू नये हेही संग्रहालयाला विचारपूर्वक ठरवता येईल.

नोंदीचा एक साधा नमुना

लहान संग्रहालय, दर्गा, मदरसा किंवा खाजगी ग्रंथालय यांनाही वापरता येईल असा नमुना पुढे देत आहे. वस्तूची नेहमीची माहिती झाल्यावर विषयासाठी सहा रकाने असावेत.

१. डोळ्यांना दिसणारे वर्णन. यात कोणतेही विशेषनाम नसावे.
२. ओळखलेला विषय : व्यक्ती, प्रसंग, स्थळ.
३. ओळखीचा आधार : चित्रावरील लेख, सोबतचा ग्रंथ, व्यक्तीची खूण की केवळ परंपरा. आधार नसल्यास 'अनिश्चित' असे स्पष्ट लिहावे.
४. चित्रावरील लेख, मूळ लिपीत जसाच्या तसा, त्याखाली लिप्यंतर आणि अर्थ.
५. पर्यायी नावे : मराठी, उर्दू, फारसी, संस्कृत, इंग्रजी.
६. खाडाखोड, पुसलेल्या आकृती, नंतरची भर.

आश्रयदाता, घराणे आणि धर्म यांचा उल्लेख यात नाही. तो काळ आणि शैली यांच्या रकान्यात असावा. आयकॉनक्लासचा अंक द्यायचा असल्यास दुसऱ्या रकान्यात द्यावा, म्हणजे परदेशातील संग्रहांशी तुलना करता येईल. अंक पुरत नसेल तेथे आपला शब्द वापरावा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने चिनी चित्रविषयांसाठी अशीच स्वतंत्र शब्दावली तयार करून घेतली आहे. दख्खनच्या चित्रांसाठी तसे काम झाले पाहिजे.

हे काम कोणी करावे?

आपल्याकडे हिंदू मूर्तींच्या लक्षणांचा अभ्यास भक्कम पायावर उभा आहे. गोपीनाथ राव यांचे इंग्रजी ग्रंथ १९१४ ते १९१६ या काळात आले आणि मराठीत ग. ह. खरे यांनी 'मूर्तिविज्ञान' लिहिले. हेच खरे फारसी कागदपत्रांचेही मोठे जाणकार होते. मूर्ती आणि फारसी ही दोन क्षेत्रे एकाच विद्वानाच्या मेजावर होती, याचा आपल्याला विसर पडला आहे.

केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाने पुण्याच्या सी-डॅक संस्थेने तयार केलेली 'जतन' ही संगणक प्रणाली स्वीकारल्यापासून राष्ट्रीय संग्रहालयांतील वस्तूंची चित्रे आणि नोंदी घरबसल्या पाहता येऊ लागल्या आहेत. नोंद जशी लिहिली असेल तसाच शोध लागतो. त्यामुळे आज लिहिलेली तोकडी किंवा चुकीची ओळ पुढे हजारो वेळा वाचली जाणार आहे.

आपल्या संस्थांतून दरवर्षी उर्दू, फारसी आणि मराठी घेऊन पदवीधर होणारे विद्यार्थी अध्यापनाखेरीज दुसऱ्या क्षेत्राचा क्वचितच विचार करतात. चित्राच्या हाशियावरील नस्तालीक ओळ वाचणारा, मसनवीचा प्रसंग ओळखणारा आणि तो मराठीत नीट सांगणारा माणूस संग्रहालयांना हवा आहे. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचे शिक्षण दिले जाते. भाषेच्या पदवीला त्या शिक्षणाची जोड मिळाली, तर हे काम करणारी पिढी तयार होऊ शकेल.

समारोप

विषयवार वर्गीकरण हे वरवर पाहता कारकुनी काम आहे. परंतु चित्र कोणाला सापडेल आणि चित्रातील माणूस कोणत्या नावाने ओळखला जाईल, हे त्यावरूनच ठरते. पाश्चात्त्य पद्धतींतून शिस्त घ्यावी, नावे मात्र आपल्या ग्रंथांतून आणि आपल्या भाषांतून घ्यावीत. एकाच चित्राला अनेक कप्प्यांत जागा द्यावी आणि प्रत्येक ओळखीचा आधार लिहून ठेवावा. प्रत्येक संस्थेने आपल्या ग्रंथालयातील एखादे सचित्र हस्तलिखित निवडून वर दिलेल्या सहा रकान्यांत त्याची नोंद केली, तरी आरंभास ते पुरेसे आहे.